खळग्यातला तांबडा डाग

दगडाच्या एका उथळ खळग्यात पावसाचं पाणी साचायचं आणि काही दिवसांनी आटून जायचं. आटलं की तळाशी तांबडट थर उरायचा, लोखंडाला गंज चढावा तसा. नखाने खरवडला तर भुकटी होऊन निघायचा. कितीतरी दिवस मी त्याला गंजाचा नाहीतर मातीचा डाग समजत होते. एकदा चिमूटभर भुकटी काचपट्टीवर घेतली, वर पाण्याचा थेंब सोडला आणि पट्टी सूक्ष्मदर्शकाखाली सरकवली. मातीच्या कणांना ठरावीक आकार नसतो. इथे मात्र कण न् कण वाटोळा होता. बाहेर जाड, काचेसारखी भिंत आणि आत माणकासारखा लाल गोळा. असे शेकडो गोळे एकमेकांना खेटून, अगदी निश्चल पडलेले.

हे हिमॅटोकोकस. गोड्या पाण्यातलं एकपेशीय हिरवं शैवाल. पाणी भरपूर असतं तेव्हा ते खरोखर हिरवं असतं आणि दोन बारीक शेपट्या हलवत पोहत असतं. पाणी आटू लागलं, नत्र संपत आलं, ऊन तापलं, की ते शेपट्या टाकून देतं, भोवती जाड कवच बांधतं आणि आत ॲस्टॅझँथिन नावाचं लाल रंगद्रव्य साठवायला घेतं. कोरड्या वजनाच्या जवळजवळ ४ टक्क्यांपर्यंत हे रंगद्रव्य जाऊ शकतं. एका पेशीने स्वतःच्या वजनाचा एवढा मोठा वाटा नुसत्या रंगावर खर्च करायचा! पण तो रंग म्हणजे तिची छत्री असते. त्या लाल पडद्याआड हरितलवक उन्हाच्या माऱ्यापासून वाचतं, आणि पाण्याविना पडलेली पेशी आतून जळून जात नाही.

त्या रात्री मी भुकटीचे दोन वाटे केले. एका बशीत नुसतं पावसाचं पाणी घातलं, दुसरीत शैवालं वाढवायचं पोषक द्रावण, ज्यात नायट्रेट असतं. दोन्ही बशा खिडकीपासून जरा आत, जिथे उजेड होता पण थेट ऊन नव्हतं, अशा ठेवल्या. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी द्रावणातला थेंब पाहिला आणि हात आपोआप थांबला. एका लाल गोळ्याच्या आत रेषा उमटल्या होत्या. एकाचे चार झाले होते, शेजारच्या एकात बहुधा आठ. चारही पिल्लं एका पातळ पिशवीत कोंबल्यासारखी बसलेली, आणि ती पिशवी आतून हलत होती. थोड्या वेळाने पिशवी एका बाजूने सैल झाली आणि त्यातलं एक निसटून बाहेर आलं. मधोमध लाल ठिपका, कडेने कोवळी हिरवी किनार, पुढे दोन शेपट्या. ते आधी जागच्या जागी गिरक्या घेत राहिलं आणि मग सरळ रेषेत माझ्या नजरेबाहेर निघून गेलं. पावसाच्या पाण्याच्या बशीत त्या दिवशी फारसं काही घडलं नव्हतं. तिथे पाच-सहा गोळ्यांत रेषा दिसत होत्या, बाकीचे तसेच लाल, तसेच गप्प.

पाणी दोन्हीकडे होतं, उजेड दोन्हीकडे सारखा होता. तरी एका बशीला जाग आली आणि दुसरी झोपेतच राहिली.

शाळेत असताना अशा कवचबंद, झोपलेल्या पेशींविषयी, म्हणजे बीजाणूंविषयी, एक वाक्य पाठ केलं होतं. ‘अनुकूल परिस्थिती आल्यावर बीजाणू रुजतो.’ परीक्षेत ते लिहिलं की गुण मिळायचे. त्या दोन बशांसमोर बसले असताना पहिल्यांदा मनात आलं, की या वाक्यातल्या ‘अनुकूल परिस्थिती’ या दोन शब्दांमागे केवढं तरी दडलेलं आहे आणि आपण तिकडे कधी पाहिलंच नाही. अनुकूल म्हणजे नेमकं काय? ते कोण ठरवतं? आणि ज्याला डोळे नाहीत, कान नाहीत, अशा ३०-४० मायक्रॉनच्या गोळ्याला ती परिस्थिती आल्याचं कळतं तरी कसं?

हा प्रश्न पहिल्यांदा चिकाटीने हाती घेतला तो जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ गेओर्ग क्लेब्स यांनी. त्यांच्या काळात बहुतेकांची समजूत अशी होती, की शैवालाचं आयुष्य ठरलेल्या क्रमाने उलगडतं. वय झालं की बीजाणू होतात, वेळ भरली की रुजतात. क्लेब्स यांनी शैवालं पोषक द्रावणातून साध्या पाण्यात हलवून पाहिली, उजेडातून अंधारात नेली, थंडाव्यातून उबेत आणली आणि १८९६ मध्ये आपल्या पुस्तकात मांडलं की पुनरुत्पादनाचा लगाम मोठ्या प्रमाणात बाहेरच्या परिस्थितीच्या हातात असतो. पाणजाळीसारख्या हायड्रोडिक्टिऑन या शैवालाला द्रावणातून काढून स्वच्छ पाण्यात सोडलं, की त्याच्या पेशींतून चलबीजाणू, म्हणजे पोहणारे बीजाणू, निघू लागतात, हे त्यांनी दाखवलं. आज हे कुणालाही सरळ वाटेल. पण सजीव स्वतःच्या आतल्या घड्याळावरच चालतो असं मानणाऱ्या काळात ‘बाहेर काय बदललं ते आधी बघा’ असं म्हणणं मोठं होतं. मला क्लेब्स फार जवळचे वाटतात ते याच कारणाने.

पाणी ही पहिली अट, पण पुरेशी नव्हे. थोडा विचार केला तर ते पटतं. रुजणं हा बीजाणूसाठी परतीचा मार्ग नसलेला निर्णय आहे. कवच एकदा फुटलं की पुन्हा बांधता येत नाही. साठवलेली चरबी, पिष्ट, सगळी पुंजी पहिल्या काही तासांतच खर्ची पडते. एखाद्या शिडकाव्याला भुलून कवच उघडलं आणि दोन दिवसांत खळगा पुन्हा कोरडा पडला, तर ते कोवळं, नागडं शैवाल संपलंच. म्हणून बीजाणू फक्त ओल आली का एवढंच विचारून थांबत नाही. उजेड आहे का, ऊब किती आहे, वाढायला नत्र मिळणार का, आणि मी स्वतः तयार झालोय का, हेही तो पाहतो.

उजेडाचं उत्तर मला सगळ्यांत विलक्षण वाटतं. तळ्याच्या तळाशी गाळ असतो आणि गाळात उजेड मिलिमीटरभरसुद्धा नीट शिरत नाही. तेवढ्या खोलीवर पुरलेल्या बीजाणूला पाणी भरपूर असतं. पण तो तिथे रुजला तर अंधारात पुंजी संपून मरेल. तेव्हा उजेड दिसणं याचा अर्थ ‘मी गाळाच्या वर आहे’ असा असतो. कारा नावाचं शैवाल तर याहून पुढे गेलं आहे. कारा तळ्याच्या तळाशी ताठ उभी राहते, हातभर उंच होते, पाहणाऱ्याला ती पाणवनस्पतीच वाटते. तिच्या फलित बीजाणूंवर झालेल्या प्रयोगांत दिसलं की लाल प्रकाश त्यांना जागं करतो आणि त्यापाठोपाठ अतिलाल, म्हणजे लालच्या पलीकडचा, डोळ्याला जेमतेम दिसणारा प्रकाश दिला तर ती जाग पुसली जाते. जमिनीवरच्या कित्येक बियांतही हेच घडतं आणि त्यामागचं रंगद्रव्य, फायटोक्रोम, तेच आहे. आता पाण्याचा स्वभाव पाहा. प्रकाशातला लाल भाग पाणी सगळ्यांत आधी शोषून घेतं. काही मीटर खाली गेलं की लाल जवळजवळ उरतच नाही. म्हणजे तळाशी पडलेल्या त्या बारीकशा बीजाणूपर्यंत लाल प्रकाश पोचला, याचा अर्थ पाणी उथळ आहे आणि नितळ आहे. एका रंगावरून पाण्याची खोली जोखायची! हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी पुस्तक मिटून काही वेळ नुसती बसून राहिले होते.

काराचा आणखी एक विशेष सांगायला हवा, कारण तो माझ्या अंदाजाच्या अगदी उलट निघाला. मला वाटायचं, रुजायला ऑक्सिजन जितका जास्त तितकं बरं. पण काराच्या काही जातींचे बीजाणू ऑक्सिजन नसलेल्या काळ्या, कुबट वासाच्या गाळात अधिक चांगले रुजतात. माझ्या मते याचा अर्थ असा लागतो, की तसा गाळ म्हणजे शांत, बसलेला तळ, जिथे मुळासारखे तंतू रोवता येतात. या बीजाणूंच्या भोवतीच्या पेशी नागमोडी पीळ घेऊन चुन्याने कठीण होतात. असे पीळदार चुनखडी दाणे खडकांत ४० कोटी वर्षांहूनही जुने सापडतात, आणि भूवैज्ञानिक त्यांच्यावरून खडकाचं वय जोखतात.

उजेडाची ही कथा ऐकून असं वाटेल की अंधार म्हणजे शत्रू. तसंही नाही. क्लॅमिडोमोनास हे प्रयोगशाळांचं लाडकं शैवाल. माध्यमातलं नत्र काढून घेतलं की त्याच्या साध्या पेशी युग्मक, म्हणजे जोडीने एक होणाऱ्या लैंगिक पेशी, बनतात, अधिक आणि ऋण अशा दोन प्रकारांचे युग्मक एकत्र येतात आणि जाड भिंतीचा युग्मबीजाणू तयार होतो. आनुवंशिकीचे प्रयोग करणारे लोक पुढे काय करतात ते पाहण्यासारखं आहे. ती बशी दिवसभर उजेडात ठेवतात, मग चंदेरी कागदात गुंडाळून साधारण ५ दिवस पूर्ण अंधारात. त्यानंतर क्लोरोफॉर्मची वाफ ३० सेकंद देतात. न जुळलेल्या साध्या पेशी त्या वाफेने मरतात, युग्मबीजाणूला मात्र काही होत नाही. एवढं सगळं झाल्यावर नत्र असलेल्या ताज्या माध्यमावर पुन्हा उजेड दाखवला, की सुमारे एका दिवसात कवच फुटतं आणि चार, कधी आठ पिल्लं बाहेर येतात. अंधाराचे ते दिवस फुकट जात नाहीत. त्या काळात बीजाणू पिकत असतो. पिकण्याआधी कितीही उजेड द्या, तो आपला हट्ट सोडत नाही.

हे मला आधी माहीत असतं तर माझ्या हातून एक चूक झाली नसती. ती अजूनही सलते.

स्पायरोगायरा सगळ्यांनी पाहिलेलं असतं, नाव माहीत नसलं तरी. तळ्यात हिरव्या, निसरड्या केसांसारखे झुपके तरंगतात ते. प्रत्येक तंतूत मळसूत्रासारखी फिरत गेलेली हिरवी पट्टी. १६७४ मध्ये डच सूक्ष्मदर्शकतज्ज्ञ लेव्हेनहूक यांनी एका सरोवराच्या पाण्यात पीळ घेतलेल्या हिरव्या रेषा पाहिल्याचं पत्रात लिहिलं. त्या याच असाव्यात असं मानलं जातं. एकदा पाणी आटत चाललेल्या डबक्यातून मी एक झुपका आणला. तो हिरव्याऐवजी मळकट पिवळा पडला होता आणि मी तो जवळजवळ टाकूनच देणार होते. सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं तर दोन दोन तंतू एकमेकांना समांतर आणि त्यांच्यामध्ये शिडीच्या पायऱ्यांसारख्या नळ्या. एका तंतूतल्या सगळ्या पेशी रिकाम्या, शेजारच्या तंतूतल्या प्रत्येक पेशीत एकेक लंबगोल, तपकिरी दाणा. एका ठिकाणी हे स्थलांतर अजून चालू होतं. हिरवा ऐवज आकसून गोळा झाला होता आणि त्या अरुंद नळीतून, कमरेत दबत, अतिशय संथपणे पलीकडे सरकत होता. मी पाऊण तास डोळा हलवला नाही. पलीकडे गेल्यावर त्या तंतूत मागे काही म्हणजे काही उरलं नाही, पारदर्शक भिंत तेवढी राहिली.

ते तपकिरी दाणे मी बशीत ताज्या पाण्यात ठेवले, उजेड दिला, पोषक द्रावण दिलं. आठवडा गेला, दोन गेले, महिना गेला. एकही दाणा रुजला नाही. तंतू कुजून गेले, दाणे तळाशी बसले. मी ठरवलं की ते मेले आहेत आणि बशी धुऊन टाकली. नंतर वाचनात आलं की स्पायरोगायराच्या युग्मबीजाणूला बहुधा लांब विश्रांती लागते. त्या काळात आत गुणसूत्रांची संख्या निम्मी करणारं विभाजन घडतं, चार केंद्रकं होतात, त्यांतली तीन विरून जातात आणि एकच उरतं. पुढचा सगळा तंतू त्या एकट्या केंद्रकापासून वाढतो. मी ज्यांना मेलेलं समजले ते बहुधा ठणठणीत जिवंत होते आणि त्यांना फक्त वेळ हवा होता. स्वच्छ बशीकडे पाहताना खूप वाईट वाटलं होतं.

पुढच्या वेळी मी तसा झुपका त्याच्याबरोबरच्या गाळासकट सावलीत वाळवला आणि कागदी पाकिटात घालून ठेवून दिला. सहा-सात महिने हात लावला नाही. मग एक चिमूट गाळ भिजवला. बाराव्या दिवशी एका दाण्याची बाहेरची तपकिरी भिंत टोकाशी उकललेली दिसली. आतून सगळ्यांत आतली पातळ भिंत नळीसारखी बाहेर आली होती आणि त्या नळीत हिरवी पट्टी होती, अगदी लहान, पण पीळ घेतलेली! दोन दिवसांनी नळीत आडवी भिंत पडली. खालची पेशी फिकट, जणू पाय रोवण्यापुरती. वरची गर्द हिरवी. तीच पुढे दुभंगत दुभंगत तंतू होते.

या कवचाविषयी थोडं विषयांतर करते. स्पायरोगायराच्या युग्मबीजाणूच्या मधल्या भिंतीत असा टिकाऊ पदार्थ असतो जो परागकणांच्या बाह्यावरणातल्या स्पोरोपोलेनिनच्या जातकुळीचा आहे. आणि गेल्या दशकभराच्या जनुकीय अभ्यासांतून दिसलं आहे की जमिनीवरच्या सगळ्या वनस्पतींचे सर्वांत जवळचे नातलग स्पायरोगायराच्याच गटातले आहेत. म्हणजे कोरडं पडण्याला तोंड देणारी भिंत बांधायची कला, जमिनीवर पाऊल टाकण्याच्या आधीच, आटणाऱ्या डबक्यांमध्ये शिकून झाली असावी. मला तरी ते तसंच दिसतं.

उबेचं गणित जातीजातीनुसार बदलतं, त्यामुळे त्यावर सरसकट काही बोलणं चुकीचं होईल. युलोथ्रिक्स या तंतुमय शैवालाला थंड, वाहतं पाणी मानवतं. पिथोफोरा उबदार पाण्याचं शैवाल आहे. ते पिष्टाने गच्च भरलेल्या फुगीर पेशींच्या रूपात तळाशी पडून राहतं आणि पाणी तापलं, उजेड मिळाला, की त्या पेशींना कोंब फुटतात. तळ्यावर एकाएकी जाडजूड हिरवी गोधडी पसरते तेव्हा लोकांना वाटतं की ती रातोरात आली. ती आधीपासूनच होती, तळाशी.

पण या सगळ्यांहून मोठी गोष्ट मला त्या कागदी पाकिटाने शिकवली. बाराव्या दिवशी रुजलेले दाणे मी मोजले होते. एका थेंबात २३ दाणे आणि त्यांतले ४ उकललेले. पाणी तेच, उजेड तोच, वयही बहुधा तेच. महिन्याने त्याच बशीत आणखी काही उकलले, आणि काही तरीही मिटलेलेच राहिले. सुरुवातीला मी त्याला अपयश समजत होते. आता तसं वाटत नाही. सगळे एकदम रुजले आणि पाऊस फसवा निघाला तर त्या डबक्यातून ती जात संपेल. मागे राहिलेले दाणे उरलेल्या वर्षांसाठी असतात. एकाच आईबापांचे दाणे इतके वेगवेगळे वागतात आणि त्या वेगळेपणावरच सगळ्यांचं टिकणं उभं असतं.

किती वर्षं मागे राहता येतं? म्युरिएल ब्रिस्टल या ब्रिटिश शैवालतज्ज्ञ बाईंनी १९१९ मध्ये याच प्रश्नावर काम प्रसिद्ध केलं. इंग्लंडमधल्या रोथॅमस्टेड इथल्या संशोधन केंद्रात मातीचे नमुने दशकानुदशकं बाटल्यांत कोरडे ठेवलेले होते. त्यांनी त्यांतली माती भिजवली आणि त्यातून शैवालं पुन्हा उगवून दाखवली. सगळ्यांत जुन्या मातीत तगून राहिलेली शैवालं निळी-हिरवी होती. आपली हिरवी त्यामानाने अलीकडच्या नमुन्यांतली. संख्याशास्त्र शिकलेल्यांना या बाई वेगळ्याच कारणाने माहीत असतात. कपात दूध आधी घातलं की चहा हे आपल्याला चवीवरून ओळखता येतं असं म्हणणाऱ्या आणि ज्यांच्यावरून संख्याशास्त्रज्ञ रोनाल्ड फिशर यांना आठ कपांचा तो प्रसिद्ध प्रयोग सुचला त्या बाई याच. चहाची गोष्ट सगळीकडे सांगितली जाते. त्यांच्या बाटल्यांतल्या मातीची गोष्टही तितकीच सांगितली जावी असं मला मनापासून वाटतं.

हे सगळं कळल्यापासून तळ्याकडे पाहण्याची माझी नजर बदलली आहे. नेदरलँड्समध्ये वेलूवेमेर नावाचं सरोवर आहे. १९६० च्या दशकाअखेर त्यात पोषकद्रव्यं इतकी वाढली की पाणी गढूळ हिरवं झालं आणि काराची कुरणं नाहीशी झाली. पुढे पाण्यात जाणारा फॉस्फरस कमी केला गेला, हळूहळू उजेड तळापर्यंत पोचू लागला आणि १९९० च्या दशकात कारा तिथे पुन्हा पसरली. लाल प्रकाशाची ती गोष्ट माहीत असली की या घटनेचा अर्थ जवळून कळतो. उलट कुठे तळ्याचा गाळ सरसकट उपसताना पाहिलं की मन कासावीस होतं. गाळ उपसावा लागतो, मान्य आहे. पण वरच्या त्या काही सेंटिमीटरांत पुढच्या कित्येक वर्षांची शैवालं झोपलेली असतात, आणि शैवालांवर जगणारे सूक्ष्मजीव, त्यांच्यावर जगणारे मासे, हे सगळं त्या झोपेवर अवलंबून असतं. एखादा कोपरा न उपसता तसाच ठेवता येतो. त्यासाठी फार खर्च येत नाही, फक्त तिथे काय आहे ते माहीत असावं लागतं.

हिमॅटोकोकसच्या त्या दोन बशांपैकी द्रावणाची बशी मी नंतर थेट उन्हात हलवली होती. तीन आठवड्यांत नत्र संपलं, पाणी उतरलं आणि पोहणारी सगळी हिरवी पिल्लं एकेक करून थांबली. आधी मधला ठिपका मोठा झाला, मग कडेची हिरवी किनार बारीक होत गेली. आज बशी कोरडी आहे. तळाशी तोच तांबडा थर, दगडाच्या खळग्यात होता तसा. मी वर कागद झाकला आहे आणि कागदावर आजची तारीख लिहिली आहे.